निचक्षूचा पूर

पुराणांतल्या राजवंशांच्या याद्या सहसा कोणी आवडीने वाचत नाही. अमक्याचा पुत्र तमका, त्याने इतकी वर्षे राज्य केले, पुढे त्याचा पुत्र. मत्स्य आणि वायू या पुराणांतली पुरुवंशाची यादी मात्र एका ठिकाणी चमत्कारिक वळण घेते. अर्जुनाचा नातू परीक्षित, त्याचा पुत्र जनमेजय, मग शतानीक, मग अश्वमेधदत्त अशी यादी अधिसीमकृष्णापर्यंत येते आणि सांगणारा म्हणतो, हा राजा सध्या राज्य करीत आहे. इथून पुढची हकिकत भविष्यकाळात सुरू होते. त्या भविष्यातली पहिलीच बातमी अशी, की अधिसीमकृष्णाच्या मुलाच्या कारकिर्दीत गंगा हस्तिनापूर वाहून नेईल आणि तो राजा नगर सोडून कौशांबीला जाऊन राहील. या मुलाचे नावही पोथ्यांत एकसारखे नाही. कुठे निचक्षू, कुठे विवक्षू.

एवढेच. या पुरात ना कोणाचा शाप आहे, ना कोणा देवाचा कोप. कुरुकुळाची राजधानी बुडाली, ही केवढी मोठी घटना. पण पुराणकार ती एका श्लोकात उरकून पुढच्या राजाकडे वळतो. महाभारताच्या अठरा पर्वांत तिला जागा नाही. कीर्तनात नाही, नाटकात नाही, लोककथेत नाही. आणि तरीही महाकाव्य आणि माती यांचा मेळ घालण्याचा स्वतंत्र भारतातला सर्वांत गाजलेला प्रयत्न याच एका श्लोकाभोवती उभा राहिला.

तो प्रयत्न ज्या काळात झाला तो समजून घ्यायला हवा. १९४७च्या फाळणीत हडप्पा, मोहेंजोदडो आणि तक्षशिला ही तिन्ही स्थळे पाकिस्तानात गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे उरलेल्या प्रदेशात सिंधू संस्कृतीचा अस्त आणि बुद्धाचा काळ यांच्यामध्ये हजारेक वर्षांची पोकळी होती. वेदांचा उत्तरकाळ, कुरु-पांचालांची राज्ये, महाभारताचे युद्ध, सगळे काही या पोकळीत बसवले जाई. पण त्या काळातले लोक कसल्या घरांत राहत, कोणत्या भांड्यांत जेवत, हे सांगता येत नव्हते. गंगेच्या खोऱ्यातली टेकाडे जवळपास अस्पर्श होती.

उत्तर प्रदेशात मेरठच्या ईशान्येला, गंगेच्या सोडून दिलेल्या जुन्या पात्राकाठी, हस्तिनापूर नावाचे गाव आहे. त्या पात्राला तिथे बूढी गंगा म्हणतात. काठावरच्या उंच टेकाडाशी विदुराचे नाव जोडलेले. १९५० साली तिथे ब्रजबासी लाल आले. त्यांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिलेला चालवलेल्या प्रशिक्षण वर्गात ते तयार झाले होते. व्हीलरपूर्वी उत्खनन म्हणजे बरेचदा भिंती उघड्या करणे आणि मूर्ती-नाणी गोळा करणे असे. व्हीलरने थर वाचायला शिकवले. चराच्या उभ्या छेदात मातीचा रंग कुठे बदलतो, कोणता खड्डा कोणत्या थरातून खोदला गेला, कोणते खापर कोणत्या मातीत पडले होते, याची नोंद झाल्याशिवाय वस्तूला काही अर्थ नाही, असे त्याचे सांगणे.

१९५० ते १९५२ या काळात लाल यांनी टेकाड वरपासून तळाच्या नैसर्गिक मातीपर्यंत छेदले आणि तिथे पाच कालखंड ओळखले. सर्वांत खाली गेरूच्या रंगाची, हात लावताच भुगा होणारी थोडी खापरे. मग काही काळ ओसाडी. तिच्यावर दुसरा कालखंड: करड्या रंगाची, चाकावर घडवलेली, पातळ आणि देखणी भांडी, त्यांवर काळ्या रंगात रेघा, ठिपके, वर्तुळे. ही भांडी लाल यांनी ख्रि.पू. ११०० ते ८०० या काळातली मानली. तिसऱ्या कालखंडात बुद्ध-मौर्यकाळाची ओळख सांगणारी काळी, चकचकीत झिलईची भांडी, आणि शेवटी मोठ्या आगीची राख. चौथा शुंग-कुषाणांच्या काळातला. मग पुन्हा शेकडो वर्षे ओसाडी, आणि सर्वांत वर मध्ययुगीन वस्ती.

यांतल्या दुसऱ्या थराकडे सगळ्यांचे लक्ष लागले. तसली चित्रित करडी भांडी बरेलीजवळच्या अहिच्छत्रात १९४०च्या दशकात प्रथम ओळखली गेली होती. त्यांचे थरांतले नेमके स्थान हस्तिनापुराने निश्चित केले. आकार मुख्यतः दोन, पसरट थाळी आणि वाटी. ती वापरणारे लोक मातीच्या, कच्च्या विटांच्या किंवा कुडाच्या भिंतींत राहत. चर अरुंद असल्याने अख्ख्या घराचा नकाशा हाती आला नाही. त्यांच्याकडे तांब्याची बाणाग्रे होती, काचेच्या बांगड्या होत्या. ते तांदूळ खात. गाय-बैल, म्हैस, मेंढी, डुक्कर आणि घोडा यांची हाडे मिळाली. काहींवर सुरीच्या खुणा होत्या. लोखंडाची वस्तू एकही नाही. वरच्या भागात लोखंड गाळल्यावर उरणारी मळी तेवढी सापडली.

आता महाभारतातले हस्तिनापूर आठवावे. गोपुरे, प्रासाद, राजमार्ग, रत्नजडित सभा. तिकडे इंद्रप्रस्थात मयासुराची सभा, जिथे दुर्योधनाला जमीन पाण्यासारखी आणि पाणी जमिनीसारखे भासले. युद्धभूमीवर अठरा अक्षौहिणी सैन्य. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, हा हिशोब महाभारत स्वतःच देते. अठराने गुणले की जवळजवळ ४ लाख रथ, तितकेच हत्ती, १२ लाखांच्या आसपास घोडे आणि २० लाखांजवळ पायदळ होते. कुडाच्या घरांत राहणारी, तांब्याची मोजकी बाणाग्रे बाळगणारी वस्ती एवढे सैन्य कुठून आणणार? काव्यात जे जे भव्य आहे, त्यातले काहीच या थरात नव्हते.

होता तो पूर. दुसऱ्या कालखंडाच्या शेवटी टेकाडाचा मोठा भाग पाण्याने खरवडून नेल्याची खूण छेदात स्पष्ट दिसत होती. वस्तीचे आडवे थर नदीच्या बाजूला एकाएकी तुटले होते आणि तुटलेल्या उतारावर पुढच्या काळातली माती साचली होती. लाल एवढ्यावर थांबले नाहीत. ही धूप पावसाची की नदीची, हे ठरवण्यासाठी त्यांनी शेजारच्या जुन्या पात्रात खोलवर छिद्रे घेऊन तळाची माती वर काढली. तीत वाहून गेलेल्या वस्तीचे अवशेष मिळाले. गंगेने खरोखरच हस्तिनापूर तोडले होते. त्यानंतर तिथे लगेच कोणी राहायला आलेले नाही. पुढची वस्ती उभी राहिली तेव्हा भांडी बदललेली होती.

इथे निचक्षूचा श्लोक उपयोगी पडला. लाल यांची मांडणी थोडक्यात अशी. महाभारतात येणारी स्थळे, म्हणजे हस्तिनापूर, मथुरा, अहिच्छत्र, कांपिल्य, कुरुक्षेत्र, वारणावत मानले जाणारे बरनावा, अशी जिथे जिथे पाहिली तिथे चित्रित करडी भांडी मिळतात. हस्तिनापुरात ती वस्ती पुराने संपते. पुराणे सांगतात की पूर आल्यावर राजा कौशांबीला गेला, आणि कौशांबीच्या तळच्या थरांतही याच परंपरेतली, उतरत्या दर्जाची भांडी आहेत. पूर ख्रि.पू. ८००च्या सुमाराचा धरला आणि परीक्षितापासून निचक्षूपर्यंतच्या पाच पिढ्या मागे मोजल्या, तर भारतीय युद्ध ख्रि.पू. नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपास येते. कौशांबीचा उदयन, भासाच्या नाटकातला वासवदत्तेचा पती, बुद्धाचा समकालीन आणि याच वंशातला. त्याच्यापासून उलट मोजले तरी आकडा फार दूर जात नाही. एफ. ई. पार्गिटर याने १९१३ मध्ये पुराणांतल्या कलियुगीन वंशावळींची पाठचिकित्सा प्रसिद्ध केली होती. पुढे राजांच्या पिढ्या मोजून त्याने युद्ध ख्रि.पू. ९५०च्या सुमारास नेले होते. माती आणि पोथी स्वतंत्र वाटांनी एकाच शतकाशी आल्यासारखी दिसत होती.

हा आकडा परंपरेला मानवणारा नव्हता. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरचा रविकीर्तीचा लेख, जो दुसऱ्या पुलकेशीला तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हणतो, शक ५५६ मध्ये, म्हणजे इ.स. ६३४च्या सुमारास कोरला गेला. त्यात भारतयुद्धाला ३,७३५ वर्षे झाल्याचे म्हटले आहे. त्यातून ख्रि.पू. ३१०२च्या आसपासचे, कलियुगारंभाचे वर्ष निघते. वराहमिहिर वृद्धगर्गाच्या आधाराने युधिष्ठिराचा काळ ख्रि.पू. २४४९च्या सुमारास ठेवतो आणि कल्हण त्याचेच अनुसरण करतो. पुराणांतलाच दुसरा हिशोब परीक्षिताचा जन्म आणि नंदाचा अभिषेक यांच्यामध्ये हजार-पंधराशे वर्षांचे अंतर देतो. हजाराच्या आसपासचा पाठ घेतला तर युद्ध ख्रि.पू. १४००च्या आसपास जाते. मराठीत चिंतामणराव वैद्यांनी ३१०२ची बाजू हिरिरीने लढवली, तर इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये ख्रि.पू. १००० हा सुमार धरला. पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी ग्रहस्थितीच्या उल्लेखांवरून ख्रि.पू. ५५६१ हे वर्ष काढले. एकाच ग्रंथपरंपरेतून साडेचार हजार वर्षांच्या अंतराची उत्तरे निघत असतील, तर ग्रंथाबाहेरचा साक्षीदार शोधणे भागच होते.

पण हा साक्षीदार नेमके काय म्हणतो, यावर पहिल्याच दिवसापासून सावधगिरीचा शेरा होता. लाल यांचा अहवाल सर्वेक्षणाच्या 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकाच्या १९५४-५५च्या जोड अंकात आला. त्याच अंकाचे संपादक आणि सर्वेक्षणाचे महासंचालक अमलानंद घोष यांनी प्रस्तावनेत वाचकाला बजावले, की या उत्खननाने महाभारताची कथा खरी ठरवली असा समज करून घेऊ नये. हस्तिनापूर नावाच्या स्थळी एका विशिष्ट काळी विशिष्ट भांडी वापरणारे लोक राहत होते, एवढेच मातीने दाखवले आहे. खात्याच्या प्रमुखाने आपल्याच खात्याच्या गाजलेल्या शोधावर अशी मर्यादा घालावी, हे आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढच्या वर्षांत हरकती वाढत गेल्या. चित्रित करडी भांडी शेकडो ठिकाणी मिळू लागली, राजस्थानात मिळाली, पाकिस्तानातल्या चोलिस्तानच्या वाळवंटातही मिळाली. यांपैकी बहुसंख्य जागांचा महाभारतात उल्लेखही नाही. मग महाभारताच्या स्थळांवर ती मिळतात या विधानाचा अर्थ इतकाच उरतो, की त्या काळी त्या प्रदेशात सगळीकडे ती वापरात होती. हरयाणातल्या भगवानपुऱ्यात जगत्पती जोशी यांनी १९७५-७६ मध्ये खोदले तेव्हा ही भांडी उत्तर-हडप्पाकालीन भांड्यांसोबत एकाच थरात निघाली. दुसऱ्या टोकाला काही स्थळांवर ती ख्रि.पू. सहाव्या शतकापर्यंत टिकली. म्हणजे त्यांचा काळ दोन्ही बाजूंनी पसरला. शिवाय लाल खोदत होते तेव्हा रेडिओकार्बनची पद्धत नुकतीच जन्मली होती आणि भारतात तिची प्रयोगशाळा नव्हती. ख्रि.पू. ८०० हा आकडा थरांची जाडी आणि भांड्यांचे प्रकार यांवरून बांधलेला अंदाज होता. आणि गंगेच्या काठी पूर काय एकदाच येतो?

१९७५ साली इतिहासकार दिनेशचंद्र सरकार यांनी भारतीय युद्ध हे फार तर दोन टोळ्यांमधले भांडण असावे, असे म्हटले आणि वर्तमानपत्रांतून रण माजले. पुरातत्त्वज्ञ, संस्कृतज्ञ, ज्योतिर्विद, सगळे उतरले. पुढच्या वर्षी या वादातल्या परस्परविरोधी मतांचा एक ग्रंथच निघाला. त्या वादात एक गोष्ट मात्र फारशी पुढे आली नाही: थर फक्त मातीलाच असतात असे नाही.

महाभारताच्या पोथ्यांचे थर उलगडण्याचे काम पुण्यात त्याआधीच झाले होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली. १९४३ मध्ये ते गेल्यावर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंतच्या शेकडो हस्तलिखितांचे पाठ ओळीओळीने ताडून पाहिले गेले. गणपतीने व्यासांचा लेखक होण्याची कथा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावाही मूळ संहितेत टिकला नाही. आणि एवढे करूनही सुकथनकरांचा दावा मोजका होता. ही व्यासांची मूळ रचना नव्हे, उपलब्ध हस्तलिखितांवरून जाता येईल तितके मागचे हे रूप.

या रूपातही थर उरतातच. सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात यवनांच्या नगरांबरोबर रोमाचे नाव येते. रोमशी भारताचा परिचय आणि व्यापार ख्रिस्ती सनाच्या आगेमागे बहरला, ख्रि.पू. नवव्या शतकातल्या कुरूला त्याचा पत्ता असणे शक्य नाही. मयसभेचे वैभवही अशाच काळात रचले गेले असणार, जेव्हा सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दगडविटांची शहरे डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा करड्या भांड्यांच्या थरात मयसभा शोधणे म्हणजे मुळात चुकीच्या थरात शोधणे. ती तिथे सापडली नाही यावरून युद्ध झाले नाही असेही ठरत नाही, झाले असेही ठरत नाही.

त्या थराच्या समकालीन असण्याचा खरा दावा वेदांच्या उत्तरकालीन वाङ्मयाचा आहे आणि ते फार रोचक बोलते. अथर्ववेदाच्या शेवटच्या कांडात परीक्षिताच्या राज्यातली सुबत्ता वर्णिली आहे, आणि तिथे सोन्याचे प्रासाद नाहीत. पत्नी पतीला विचारते, तुला दही आणू की ताक. शेतात जव पिकले आहे. शतपथ ब्राह्मणात जनमेजय पारीक्षिताचा अश्वमेध आहे. काठक संहितेत वैचित्रवीर्य धृतराष्ट्र येतो. कुरु आणि पांचाल तर पानोपानी आहेत. पांडव मात्र या वाङ्मयात कुठेच नाहीत. मग बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत भुज्यू याज्ञवल्क्याला कोडे घालतो: पारीक्षित कुठे गेले? म्हणजे उपनिषद रचले जाईपर्यंत तो वंश भूतकाळात जमा झाला होता आणि त्याचे नाहीसे होणे लोकांच्या बोलण्यात होते. छांदोग्यात कुरुदेशावर आलेल्या आपत्तीचा उल्लेख आहे, तीही पुराची नाही. गारांनी की टोळांनी, भाष्यकारांत मतभेद आहे, पण पीक बुडाले आणि उषस्ती चाक्रायण उष्टे उडीद खाऊन दिवस काढतो. दही, ताक, जव, उडीद. कुडाच्या भिंती आणि थाळी-वाट्या यांच्याशी हे जग सहज जुळते. महाकाव्याच्या झगझगाटाखाली एक साधे, गुरेढोरे राखणारे, शेती करणारे कुरुराज्य होते आणि ते कधीतरी विस्कटले, इतके या दोन्ही पुराव्यांतून निघते.

हस्तिनापुराचे यश पाहून पुढे अनेकांनी त्याच वाटेने जायचा प्रयत्न केला. दिल्लीच्या पुराना किल्ल्याच्या आत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंदरपत नावाचे गाव वसलेले होते, त्यामुळे इंद्रप्रस्थ तिथेच असणार असा विश्वास जुना. लाल यांनी १९५४-५५ मध्ये तिथे चर घेतले, १९६९ ते १९७३ मध्ये पुन्हा मोठे उत्खनन झाले. करड्या भांड्यांचे सुटे तुकडे मिळाले, पण त्यांचा स्वतःचा असा वस्तीचा थर त्या फेऱ्यांत हाती लागला नाही. सलग वस्ती मौर्यकाळाच्या आसपासपासून सुरू होत होती. गेल्या दहा-बारा वर्षांत तिथे पुन्हा खणणे चालू आहे ते याच कारणाने.

द्वारकेची गोष्ट महाराष्ट्र आणि गोव्याशी जोडलेली आहे. १९६३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने, हसमुख सांकलियांच्या नेतृत्वाखालील विभागाने, द्वारकेत उत्खनन केले. तिथली जुनी वस्ती ख्रिस्ती सनाच्या आरंभाच्या आसपासपर्यंतच मागे गेली. पुढे लोथलचे उत्खनक एस. आर. राव यांनी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून सागरी पुरातत्त्वाची शाखा उभी केली आणि १९८०च्या दशकात पाणबुडे द्वारकेच्या समुद्रात उतरवले. दगडी भिंतींचे अवशेष, अर्धवर्तुळाकार बांधकाम, दगडी नांगर, बेट द्वारकेला ख्रि.पू. १५००च्या सुमाराची खापरे. कृष्णाची बुडालेली नगरी सापडली, असे राव यांनी जाहीर केले. पुढे त्याच संस्थेतल्या संशोधकांनी नांगरांचे प्रकार आणि बांधकामाची ठेवण पुन्हा तपासली, तेव्हा समुद्रतळावरचे बरेचसे अवशेष ऐतिहासिक आणि मध्ययुगीन बंदराचे असावेत, असा त्यांचा कल झाला. बेट द्वारकेची जुनी खापरे खरी. पण ती आणि भिंती एकाच काळातल्या आहेत हे कोणी सिद्ध केलेले नाही.

रामायणाच्या स्थळांनी तर वेगळाच पेच घातला. १९७५ मध्ये लाल यांनीच त्या स्थळांच्या उत्खननाची योजना सुरू केली. अयोध्येची सर्वांत जुनी वस्ती त्यांनी काळ्या झिलईच्या भांड्यांच्या काळातली, ख्रि.पू. सातव्या शतकाच्या आसपासची ठरवली. परंपरेत राम त्रेतायुगातला, कृष्ण द्वापारातला. मातीत मात्र हस्तिनापूर आधी आणि अयोध्या नंतर, असा उलटा क्रम लागला. स्थळ आणि भांडे यांची जोडी लावून कथेचा काळ ठरवण्याची पद्धत लाल यांनी महाभारताला लावली होती. तीच रामायणाला लावली की तिची मर्यादा आपोआप उघडी पडते. आणि २०१८ मध्ये बागपत जिल्ह्यातल्या सिनौलीत, ख्रि.पू. १९००च्या आसपासच्या दफनांत, तांब्याने मढवलेल्या भरीव चाकांच्या गाड्या निघाल्या तेव्हा त्यांना लगेच महाभारतातले रथ म्हटले गेले. काव्यातले रथ आऱ्यांच्या चाकांचे आणि घोड्यांचे. सिनौलीत घोड्याचे हाड मिळालेले नाही. गाड्या ओढणारे बैल असावेत असे काही विद्वान म्हणतात, काही ते नाकारतात. स्थळ विलक्षण महत्त्वाचे आहे. त्याला महाभारताच्या आधाराची गरजच नाही.

करड्या भांड्यांच्या लोकांकडे लिपी नव्हती. त्यामुळे हा थर कुरूंचा, अशी पाटी तिथे कधीच मिळणार नाही. लिपी आली की चित्र किती बदलते, हे निचक्षू जिथे गेला त्या कौशांबीतच दिसते. बौद्ध ग्रंथ सांगतात की तिथे घोषित नावाच्या श्रेष्ठीने बुद्धासाठी विहार बांधला. अलाहाबाद विद्यापीठाच्या गो. रा. शर्मा यांना तिथल्या उत्खननात विहार मिळाला आणि त्यातल्या कोरीव लेखात घोषितारामाचे नावही मिळाले. त्यावर वाद उरला नाही. त्याच शर्मा यांनी कौशांबीच्या तटाबाहेर पुरुषमेधाची श्येनाकार वेदी सापडल्याचा दावा केला. लेख नव्हता, ग्रंथातल्या वर्णनाशी विटांची मांडणी जुळवलेली होती. पुढे टीकाकारांनी तो ढासळलेल्या विटांचा ढिगारा ठरवला. एकच उत्खनक, एकच गाव, ग्रंथाशी ताडून पाहण्याची एकच इच्छा. एका ठिकाणी अक्षरे होती, दुसरीकडे नव्हती.

अक्षरे नसलेल्या काळासाठी मग करायचे काय? निचक्षूच्या श्लोकाचे मोल मला इथे वाटते. अठरा अक्षौहिणी, मयसभा, बुडालेली सुवर्णनगरी, हे सारे सांगण्यात कथेचा स्वार्थ आहे. त्याने नायक मोठे होतात, श्रोते खिळून राहतात. राजधानी पुरात गेली आणि राजा दुसरीकडे राहायला गेला, यात कोणाचा गौरव नाही. उलट वंशाची नामुष्कीच आहे. ज्या गोष्टी रचण्यात कोणाचा फायदा नव्हता, अशा वाटेतल्या बारीकसारीक नोंदींमध्येच खरी आठवण शिल्लक असण्याचा संभव जास्त.

दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की हा दावा खोटा ठरू शकतो. भीम होता की नव्हता, हे कोणत्याही चरात कळणार नाही. पूर मात्र एका विशिष्ट टेकाडात, विशिष्ट दोन थरांच्या मध्ये आहे. त्याच्या वरचा-खालचा कोळसा आणि धान्य आजच्या पद्धतींनी मोजता येते, नदीने आणलेला गाळ शेवटचा कधी उन्हात होता हेही ठरवता येते. पूर ख्रि.पू. ८००च्या आसपासचा निघाला तर लाल यांच्या जुळणीला बळ येईल. तो दोन-तीन शतके पुढे सरकला तर निचक्षू आणि बुद्धकालीन उदयन यांच्यामध्ये पुराणांनी दिलेल्या पिढ्यांना जागाच उरणार नाही, आणि ती जुळणी सोडून द्यावी लागेल. कोणत्याही प्राचीन कथेचा पुरावा सापडला अशी बातमी वाचताना हाच प्रश्न विचारावा: काय सापडले असते, तर हे लोक आपले म्हणणे मागे घेणार होते? हस्तिनापुराच्या बाबतीत त्याला उत्तर आहे. म्हणून सत्तर वर्षांनंतरही त्या उत्खननावर वाद घालण्यात अर्थ आहे.